वीणा उघड्या हातानं घ्यावी

या माऊली, असं जवळ सरून बसा. कंधारकडच्या एका गावची गोष्ट सांगतो. टाळ जरा खाली ठेवा, ही ऐकताना ते वाजवावेसे वाटायचे नाहीत.

दुपारचा एक वाजत आला होता. हरिनाम सप्ताहाचा चौथा दिवस. तारामतीचा दोन तासांचा पहारा संपला, तरी तिनं गळ्यातली वीणा उतरवली नव्हती. सात दिवस ही वीणा भुईला टेकत नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या पाया पडायचं आणि देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या. बारानंतरचा पहारा भागवतचा. त्याच्या बापाच्या वेळेपासून त्यांच्याच घरचा.

"तो शब्द मागं घ्या, भागवतभाऊ," तारामती म्हणाली. "मग वीणा घ्या."

कोणता शब्द, हे मंडपात कुणाला विचारावं लागलं नाही. ग्रामपंचायतीला तारामती हणमंतरावांच्या विरोधात उभी होती. तिच्या तोंडावर, गळ्यावर कोडाचे पांढरे डाग. त्यांच्या शेवटच्या सभेत भागवतनं माईक घेतला आणि म्हणाला, "ही कबरी शेळी मतं खाईल, पण दूध देणार न्हाई!" सभा हसून हसून लोळली. दुसऱ्या दिवशी शेळी मोबाईलवर फिरली. तारामती पडली. त्याला आठ महिने झाले होते, पण गावात कबरी म्हटलं की अजून लोक हसायचे.

"विलेक्शनमधलं विलेक्शनमधी संपलं," हणमंतराव खांबाला टेकून म्हणाले. "देवाच्या दारात कशाला काढून राहिली बाई?"

"मतं गेली त्याचं मला काही न्हाई."

"मग आठ महिन्यानं कामून?" भागवतनं विचारलं. "मी तुझी जात काढली का? बाई म्हणून काही बोललो का? डोळ्याला दिसलं ते बोललो. त्याला का द्वेष म्हणत्यात?"

"दिसलं ते बोललात. पण बोललात ते मी माणसातून उठावं म्हणून."

"एका बाईला लागलं म्हणून साऱ्या गावाला दोष?"

"एकीलाच लागलं न्हाई."

"मग नाव सांग! तुझ्याबिगर कुणाला लागलं, एक नाव सांग. इथंच नाक घासतो."

तारामतीनं त्याच्याकडं पाहिलं. मग खाली मान घालून ती वीणेची तार छेडत राहिली.

"बघा," भागवत मंडपाकडं वळला. "नाव हाय कुठं?"

लोक हसले. तारामतीचे पाय मात्र आता थरथरू लागले होते. चौथ्या दिवसाचा उपास आणि वर तीन तास उभं राहणं. सप्ताहाचे प्रमुख केरबाअण्णा काठी टेकत उठले. म्हातारा घाबरला होता. वीणा खाली आली तर सप्ताह मोडला, आणि सप्ताह मोडला तर वर्षभर गावात जे काही वाईट होईल ते याच दुपारच्या नावावर जाणार.

"भागवत, माफी माग रे. मोठा हो."

"अण्णा, बारा गावची माणसं बसलीत. माफी मागितली की मी पापी ठरलो. मग या मंडपात वीणा धरायला कोणत्या तोंडानं उभा राहू?"

"मग कसं करायचं?"

भागवतनं विचार केला. रीत त्याला पाठ होती. ज्याचा पहारा, त्याच्या घरचं कुणीही उभं राहू शकतं.

"माझी पुनम धरंल," तो म्हणाला. "बोलवा तिला."

पुनम एकेकाळी या मंडपात सगळ्यात पुढं बसून गायची. आता लातूरला क्लासला होती, सप्ताहापुरती घरी आली होती. दिवाळीला आली ती पार बदलून. स्कूटीवरच्या पोरींसारखा तोंडाला स्कार्फ, हातात कोपरापर्यंत मोजे, घरातसुद्धा. मंडपात यायचीच नाही. अभ्यास म्हणायची. आई म्हणायची, लातूरची हवा लागली. मागच्या महिन्यात लातूरच्या बसस्टँडवर ती तारामतीशी बोलताना कुणी पाहिली, तेव्हा ती घरी आल्यावर भागवतनं तिला झापलं होतं, "त्या कबरीच्या सावलीला उभी राहू नको." त्या रात्री पोरगी जेवली नव्हती.

पुनम आली. स्कार्फ, मोजे, खाली नजर.

तिला पाहताच तारामतीचा चेहरा उतरला.

"नको," ती घाईनं म्हणाली. "भागवतभाऊ, तुम्हीच घ्या वीणा. माझं बोलणं मी मागं घेते. मीच चुकले. पाया पडते तुमच्या."

मंडपात कुजबुज झाली. हणमंतराव हसले. भागवतची छाती फुगली. तीन तास ताठ उभी राहिलेली बाई त्याच्या पोरीला पाहून मोडली होती. अण्णांनीही त्याला खुणावलं, घे, संपव. पण त्याला इतक्यात संपवायचं नव्हतं.

"आता कामून? आता माझी पोरगीच घेईल. बघू दे साऱ्यांना, कुणाचं घर स्वच्छ हाय ते." तो पुनमकडं वळला. "मोजे काढ."

पुनम हलली नाही.

"बाबा, असंच घेते."

"वीणा हाय ती! उघड्या हातानं घ्यावी लागती. काढ."

"भाऊ, हात जोडते," तारामती म्हणाली, पण वीणेमुळं तिला हात जोडता आले नाहीत.

पुनमनं एकदा बापाकडं पाहिलं. मग सावकाश एक मोजा काढला, मग दुसरा. आणि दोन्ही हात वीणेसाठी पुढं केले.

मनगटापासून बोटांपर्यंत ते हात दुधासारखे पांढरे होते.

मागच्या रांगेत कुणालातरी सवयीनं हसू फुटलं. "दुसरी कबरी," तो म्हणाला, आणि मंडप हसला.

माऊली, उद्या वीणेपुढं वाकाल, तेव्हा पुनमची आठवण ठेवा.