कपाटाची किल्ली

चौकशी अधिकाऱ्यांच्या पत्राला स्टोअरकीपर काकांनी दोन महिने उत्तर दिलं नव्हतं. प्रश्न एकच होता : वीट डोक्यात पडली तेव्हा गवंड्याने हेल्मेट का घातलं नव्हतं?

"कादंबरी लिहायची नाहीये, काका," साइटचे साहेब रोज टोकायचे. "नियम त्यानेच मोडला, एवढं लिहा. नाहीतर घरी बसा."

काकांनी चार कागद लिहून फाडले. मग गवंड्याची बायको स्टोअरच्या दारात आली. "ह्यांना अजून बोलता येत नाही. तुम्ही तरी बोला."

त्याच दुपारी काकांनी उत्तर पोस्टात टाकलं.


पाकिटात एक किल्ली होती आणि दोन ओळी : 'साहेबांच्या केबिनमधल्या कपाटात चाळीस हेल्मेटं आहेत. तपासणीच्या दिवशीच वाटायची, असा त्यांचा नियम आहे.'