आईची नथ

सकाळचा चहा उकळत असताना फडताळावरच्या यंत्रातून आईने विचारलं, "विदू, कुमुदला नथ पोचली का?"

"नाही गं. उद्या नक्की देतो," विद्याधर म्हणाला.

आईला जाऊन अकरा महिने झाले होते आणि तिचं मृत्युपत्र राबवायचं काम विद्याधरकडे होतं. मृत्युपत्र राबवणाऱ्याने चालढकल करू नये म्हणून कायद्याने मृताचा आवाज, आठवणींसकट, त्या राबवणाऱ्याच्याच घरी ठेवला जाई. बाकीच्या वारसांना एरवी तो ऐकता येत नसे. शेवटच्या वारसाने मात्र स्वतः त्या आवाजाला वस्तू मिळाल्याची पोच द्यायची, की आवाज कायमचा बंद. घर, शेत, भांडी वाटून झाली होती. उरलेली नथ विद्याधरच्या कपाटात होती आणि बहिणीला, कुमुदला, त्याने ती सापडत नाही असं सांगितलं होतं. मामा म्हणून भाचीला बोहल्यावर नेताना तिच्या नाकातल्या उसन्या नथीकडे त्याला बघवलं नव्हतं.

तेवढ्यात कुमुद आली. "दादा, नथ तुझ्याकडेच आहे ना?"

त्याने डबी काढून तिच्या हातात दिली. "तू पोच दिलीस की आई बोलायची थांबेल, म्हणून..."

"माझी पोर उसनी नथ घालून उभी राहिली. आणि तू इथे रोज आईशी बोलत होतास."

त्याने खाली मान घालून यंत्र तिच्यापुढे ठेवलं.

"कुमे, आलीस होय?" आई म्हणाली. "जेवलीस का? नथ पोचली ना गं?"

कुमुदने डबी मुठीत घट्ट धरली. दादाकडे बघायचं तिने टाळलं.

"नाही गं आई," ती म्हणाली. "उद्या देतो म्हणालाय."