चिलापीची साक्ष

मासे पुन्हा मेले होते.

सगळ्या चिलापी पांढरी पोटं वर करून काचेच्या टाकीत तरंगत होत्या. श्यामलाने एक मासा उचलून हुंगला, मग पाण्यात बोट बुडवून तेही हुंगलं. तोच तो क्लोरीनचा दर्प.

"यंत्रं धुतलेलं पाणी अजून कुठून तरी मिसळतंय," ती म्हणाली.

फाटकावरचे गेणबा खराटा टेकून हळहळले. सांगवीत गावाला पाणी सोडण्यात त्यांची उभी हयात गेली होती. निवृत्तीनंतर ते इथे फाटक आणि बाग सांभाळत. "कालच्याला कसं पळत हुतं वो ताई. माझ्याच्यानं बघवत न्हाय."

"आपण हरायचं नाही, आबा. मासे पुन्हा आणू."

बारामती एमआयडीसीतला हा पनीरचा कारखाना विजयसिंहांचा, आणि त्याच्या मागे उभा असलेला सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट श्यामलाचा. कागदोपत्री तोही मालकांचाच. पण पाया खणण्यापासून शेवटच्या पाइपापर्यंत सगळं तिनं उभं केलं होतं. लेकीच्या बाळंतपणालाही कुणी इतकं जागत नाही.

प्लांटमधून निघालेलं पाणी एमआयडीसीच्या गटारलाइनला जायचं होतं. मध्ये एकच व्हॉल्व्ह, आणि तो ती उघडत नव्हती. या पाण्यात मासे जगले तरच उघडीन, असं तिनं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. तोवर पाणी टँकरनं उचललं जात होतं आणि मालकांच्या कपाळावरची आठी रोज खोल होत होती.

"मॅडम, लॅबचा रिपोर्ट चांगला हाय," विजयसिंह म्हणाले. "प्लांटच्या नळाला बाटली तुमीच भरली हुती. क्लोरीन नावाला न्हाय त्यात. मग अडलं कुठं?"

"कागदाला कल्ले नसतात, साहेब. मासा खोटं बोलत नाही."

"गटारातच सोडायचंय की वो! प्यायला थोडंच द्यायचंय?"

"गटारात गेलं म्हणजे संपलं असं नसतं. पुढच्या केंद्रात पाणी शुद्ध करणारे जीवाणू असतात. आपलं विष तिथे गेलं तर ते मरतील, आणि सगळ्या कारखान्यांची घाण तशीच्या तशी ओढ्याला लागेल. लोकांचं पाणी नासवून मला सुखानं झोप लागणार नाही."

विजयसिंहांना हे पटत होतं, तीच त्यांची पंचाईत होती.

श्यामला हट्टाला पेटली. धुण्याच्या पाण्याला तिनं वेगळी मोरी काढली. यंत्रं धुवायचं रसायन बदलायला लावलं. प्रत्येक सांधा उकलून पुन्हा बसवला. कामगार वैतागले. "ताई, आता आमच्या हात धुण्यावर बी बंदी घालताय का?" असं एकानं तोंडावर विचारलंच. तिनं त्याच्या हातातली साबणाची बाटली घेऊन मागचं लेबल वाचून काढलं.

मासे आणायला ती स्वतः इंदापूरला जायची. उजनीच्या जिवंत चिलापी विकणारी धोंडाबाई आता तिला ओळखू लागली होती.

"परत मेल्या? अवो, चिलापी गटारात बी जगती. तुमच्या हितं जगंना, मंजी तुमचं पाणी गटारापरीस वंगाळ!"

बाजार हसला. श्यामलाला ते शब्द झोंबले, पण तिनं डबा पुढे केला.

शेवटी विजयसिंहांनी निर्वाणीचं विचारलं, "उद्या सकाळी मी सोता येतो. मासे जगले तर व्हॉल्व्ह उघडा. आन् मेले तर?"

"तर प्लांट नापास. गटाराला जाणारा पाइप मी माझ्यासमोर कापायला लावीन आणि राजीनामा देऊन जाईन."

त्या संध्याकाळी तिनं टाकी घासून घेतली, प्लांटचं पाणी आपल्या हातानं भरलं आणि चिलापी सोडल्या. त्या सुळसुळ फिरल्या, दाण्यावर तुटून पडल्या. दिवेलागण होईपर्यंत ती तिथेच बसून राहिली. तिला फार दिवसांनी बरं वाटलं.

"तुमी निवांत जावा ताई," गेणबा म्हणाले. "मी हाय न्हवं हितं."

सकाळी विजयसिंह आले तेव्हा श्यामला टाकीपाशी उभी होती. पाण्यावर पुन्हा पांढरी पोटं होती.

"ऱ्हाऊ द्या मॅडम, बघू काय तरी," ते हळूच म्हणाले.

"नको. माझ्यामागे कुणी चुकून व्हॉल्व्ह उघडला तर? वेल्डरला बोलवा."

पाइप कापला जाईपर्यंत ती हलली नाही. ठिणग्या विझल्या, तसा तिनं राजीनाम्याचा कागद मालकांच्या हातात दिला आणि पिशवी उचलून फाटकाकडे निघाली. तिची मान ताठ होती.

गेणबा आडवे आले. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"ताई, सायबास्नी सांगू नगा, परीक्षेत कापी केल्यावानी हाय ते. पर तुमी यवढं राबताय, म्हणलं आपलाबी हात लागू दे. गावच्या टाकीत जल्मभर जंतू मारायची टीसीएल पावडर टाकली, येक माणूस आजारी पडू दिलं न्हाय. म्हणून तुमची पाठ फिरली की ह्या माशांच्या टाकीत बी रोज मूठभर टाकत हुतो. काल तर दोन मुठी टाकल्या, तरीबी मेल्याच बघा!"