आजींच्या वाट्याचा साकुरा

इस्पितळाच्या आवारात, गेलेल्यांच्या आठवणीसाठी कुणीतरी दान दिलेली साकुराची, म्हणजे जपानी चेरीची, झाडं लावायची होती. शेजारच्या तोमिए आजींनाही डॉक्टर हिराबायाशींनी त्यांच्या गेलेल्या नवऱ्याच्या नावाचं एक झाड आणून दिलं. बाकीच्यांची झाडं कळ्यांनी भरलेली, आजींच्या हातात मात्र कमरेएवढी काडी!

"हे फुलायला चार वर्षं लागतील, आजी."

"चार वर्षं? मग फुलांखाली बसून ह्यांना साके कोण पाजणार, तुम्ही? ऑपरेशनशिवाय मी वर्षभरसुद्धा टिकत नाही, असं तुम्हीच म्हणालात ना?"

"म्हणालो. पण 'ऑपरेशन नको, मला ह्यांच्याकडे जायचंय' असं कोण म्हणतं?"

घरी येऊन आजींनी देव्हाऱ्यात गरम भात ठेवला, घंटा वाजवली आणि नवऱ्याच्या फोटोला बजावलं, "अहो, मला यायला उशीर होणार आहे. तोवर तिथे कुणाला छळू नका." दुसऱ्या दिवशी त्या आपल्या पायांनी इस्पितळात दाखल झाल्या.

ऑपरेशन छान पार पडलं. सकाळचा जप आटोपून मी भेटायला गेले, तेव्हा आजी शांत झोपल्या होत्या. बाहेर डॉक्टर दिसले, तर राहवेना. म्हटलं, "देवाची कृपा झाली हो, पण नेमकी आजींच्याच नशिबी ती काडी का यावी?"

डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.


"त्यांच्या वाट्याचं मोठं झाड मागच्या दारी लावलंय. कालच फुललं. आजींना एवढ्यात तिकडे फिरायला नेऊ नका."