नऊ सोंगट्यांची सवलत

"घ्या जावईबापू, आधी नऊ सोंगट्या मांडून घ्या," सासरे म्हणाले. गो या जपानी खेळाच्या पटावर कच्च्या खेळाडूला एवढी सवलत द्यावीच लागते. वर नाकातून हसून त्यांनी पुस्ती जोडली, "आडातच नसेल तर पोहऱ्यात येणार कुठून?"

जावई काळ्या सोंगट्या खेळत होता. सासऱ्यांनी पांढरी टेकवली की टक् व्हायचं, आणि पाठोपाठ मागच्या खोलीतून दुसरं टक् यायचं. तिथे कोणी नव्हतं; दाराला बाहेरून कडी होती.

"भिंती पोकळ आहेत," सासरे म्हणाले, "काही काही डोक्यांसारख्या."

मग जावयाने कोपऱ्यात एक बरी खेळी केली. चुकून झाली असणार, दुसरं काय! तरी सासऱ्यांना उत्तर सुचेना. त्यांनी सोंगटी उचलली, डावीकडे नेली, उजवीकडे नेली आणि हात अधांतरीच राहिला.

आत टक् झालं.

"बाबा," जावई हळूच म्हणाला, "तुम्ही तर अजून खेळलाच नाहीत."

सासरे दाराकडे बघत राहिले. कडी जागच्या जागी होती. दारामागे कोणीतरी नाकातून हसलं आणि त्यांच्याच आवाजात म्हणालं,

"घे, तूही नऊ मांडून घे."