मिनाच्या हातानं

अपघातात सुदामच्या दोन्ही हातांची बोटं निकामी झाली. तेव्हापासून कॉम्प्युटरवरचा लढाईचा खेळ तो बायकोच्या हातानं खेळायचा. तो पडद्याकडं बघून चाल सांगायचा आणि मिनाची बोटं पळायची. या खेळात आळीपाळीनं चाल नसते. आपण विचार करत बसलो तरी शत्रू चालतच राहतो.

कळमनुरीच्या घरात बसून दोघं ऑनलाइन स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत पोचले. पहिल्याच डावात शत्रूची फौज किल्ल्याच्या दरवाजाशी आली आणि सुदाम एकदम गप्प झाला.

"अहो, बोला की! टाइम जाऊन राहिला!"

शेवटी तिनं दरवाजा तसाच सोडला, सगळे घोडेस्वार मागच्या वाटेनं काढले आणि शत्रूचं ठाणंच पेटवलं. डाव जिंकला.

"काहून गप बसले तुमी?"

"मला दरवाजा राखावा वाटत होता, पण सांगायची छातीच होईना. सांगितलं असतं तर हरलो असतो." सुदाम खुर्चीवरून उठून दाराकडं निघाला. "तुला आता माझं काम न्हाई."

दुसरा डाव सुरू झाला. शत्रू पुलावर आला. काय करायचं ते मिनाला दिसत होतं. तरी तिनं माऊसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

"तुमी सांगा."

शत्रूनं अर्धा पूल ओलांडला. तिनं हात हलवला नाही.

"अगं, आधी पूल तोड!" सुदाम दारातून धावत आला. "मंग दोघं मिळून इचार करू."