प्रश्न बारावा

"हा फॉर्म खोटा आहे," सर म्हणाले आणि त्यांनी तो सगळ्या वर्गाला दिसेल असा वर धरला.

पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. फॉर्म तिचाच होता. सर्वेक्षणाच्या या वर्गात खोटा फॉर्म भरणाऱ्याचं नाव त्याच दिवशी कमी होत असे. आणि घरी तिची आई 'तरी मी सांगत होते, आधी लग्न कर' म्हणायला टपूनच बसली होती.

"सर, मी स्वतः गेले होते. चांगली तासभर बसले होते त्या बाईंपाशी."

"थांब. माझा चष्मा कुठंय?" सरांनी विचारलं. "सर, डोक्यावर," असं कुणी म्हणेपर्यंत ते टेबलाचा खण उपसू लागलेही होते.

प्रश्न कसा विचारावा, हे सर पंचवीस वर्षं शिकवत आले होते. त्यावर त्यांचं उशीएवढं जाड पुस्तक होतं. प्रश्न छापलाय तसाच वाचायचा. मान डोलवायची नाही. दारावरची पाटी वाचायची नाही, कारण उत्तर देणाऱ्याला नाव नसतं, नंबर असतो. त्यानं उलट प्रश्न केला तर खुलासा करायचा नाही, आपला प्रश्न पुन्हा वाचायचा. मुलीनं हे सगळं पाढ्यांसारखं घोकलं होतं.

"ऐका," चष्मा सापडल्यावर सर वर्गाला म्हणाले. "प्रश्न सातवा. घरात पुस्तकं किती? उत्तर, अंदाजे दोन हजार. प्रश्न बारावा. गेल्या महिन्याभरात घरातल्या कुणी तुम्हाला तुमचं मत विचारलं का? उत्तर, नाही. दोन हजार पुस्तकांच्या घरात बाईला कुणी मत विचारत नाही! आणि खाली शेरा बघा. 'नवरा तीनच प्रश्न विचारतो. चष्मा कुठंय, फोन कुणाचा होता, दिवा कुणी चालू ठेवला. उत्तराला थांबत नाही.' अगं, निदान नवरा तरी पटेलसा रचायचास!"

वर्ग खो खो हसला. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाईंनी सांगितलं तेच लिहिलंय, सर. शब्दन् शब्द."

"ठीक आहे. दूध का दूध, पानी का पानी करू. मी स्वतः जाऊन बारावा प्रश्न विचारतो. उत्तर जुळलं तर तू पास. नाही जुळलं तर उद्यापासून येऊ नकोस."

पत्ते नंबरवार बंद पाकिटात असत. सरांनी पाकीट फोडलं, चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. मग तिची घडी घातली, त्या घडीची आणखी एक घडी घातली. वर्ग त्यांच्याकडे बघत होता.

"उद्या गेलं तर..." ते पुटपुटले. पण शब्द तोंडातून गेला होता, तोही चाळीस जणांसमोर. "चल," ते म्हणाले.

रस्ता मुलगी दाखवणार होती, पण ती सांगायच्या आधीच सर गल्लीत वळले. तिसऱ्या मजल्यावर त्यांचा हात आधी खिशातल्या किल्लीकडे गेला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि बेल दाबली.

बाईंनी दार उघडलं. "अहो, आज इतक्या लवकर? किल्ली विसरलात का?" मग त्यांना मागची मुलगी दिसली. मग नवऱ्याच्या हातातला फॉर्म दिसला. मुलीनं मान खाली घातली. आज पहिल्यांदाच तिनं दारावरची पाटी वाचली होती.

"पडताळणी आहे," सर उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले आणि त्यांनी फॉर्म डोळ्यांसमोर धरला. "प्रश्न बारावा. गेल्या महिन्याभरात घरातल्या कुणी तुम्हाला... तुमचं मत विचारलं का?"

बायकोला 'तुम्ही' म्हणताना त्यांची जीभ अडखळली होती. बाई पदराला ओले हात पुसत होत्या, त्या थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटल्यासारखं झालं.

"आता तुम्ही विचारताय," त्या हळूच म्हणाल्या, "ते धरायचं का?"

सर आता काहीतरी म्हणतील, असं मुलीला वाटलं. हे उत्तर जुळलं नाही तर आपलं नाव कमी होईल, हे ती क्षणभर विसरूनच गेली. सरांचे ओठ हललेही. मग त्यांनी चष्मा सारखा केला आणि प्रश्न पुन्हा वाचला, जसाच्या तसा.

"मग 'नाही'च लिहा," बाई म्हणाल्या.

उत्तर जुळलं. मुलगी पास झाली.